ओकुतामाची केरसुणी

निर्माल्य जाळायच्या कचऱ्यात टाकायचं की नाही, यावरून तोक्योतल्या निशी-कसाई भागातल्या घरात आमचं पहिलं मोठं भांडण झालं. गणपती नुकतेच होऊन गेले होते. देव्हारा म्हणजे बुटक्या कपाटावर ठेवलेला पाट आणि त्यावर माहेरून आणलेली पितळी मूर्ती. फुलं सुपरमार्केटची, शेवंतीच्या पिवळ्या-पांढऱ्या जुड्या, कारण त्याच परवडायच्या. रोजची उतरलेली फुलं मी कागदी पिशवीत साठवत गेले आणि पिशवी बाल्कनीत गलेलठ्ठ झाली.

"अगं, ड्राय फ्लॉवर्स आहेत. बर्नेबल. ट्यूजडेला जातील," नवरा म्हणाला.

"देवाची फुलं माशाच्या काट्यांबरोबर जाळायची?"

"मग काय करू सांग? आपल्या टू-बेडरूमला विहीर नाहीये."

त्याचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाचा जास्तच राग येतो. माझं माहेर गुहागरकडचं. तिथे निर्माल्य माडाच्या आळ्यात जातं. बाबा रोज सकाळी जुनी फुलं आळ्यात टाकायचे आणि म्हणायचे, "देवाचं झालं, आता माडाचं." निशी-कसाईत माड कुठून आणू? जवळ नदी होती, पण ती समुद्राच्या तोंडाशी येऊन काँक्रीटच्या बांधांमध्ये पसरलेली. पाणी वाहतंय की थांबलंय तेही कळायचं नाही.

खरं भांडण निर्माल्याचं नव्हतंच. दिवाळीच्या आदल्या आठवड्याचं माझं तिकीट काढलेलं होतं आणि ते एकेरी होतं. मी त्याला सांगून टाकलं होतं की मी परत येणार नाही. तुझं कॉन्ट्रॅक्ट संपव, मग तू ये, तोवर मी सासरी राहीन, माहेरी राहीन, पण इथे नाही. तो "ओके" म्हणाला. ऑफिसात एखादं प्रोजेक्ट रद्द झाल्यावर म्हणतात तसं.

त्या काळात पुण्याहून, चेन्नईहून आयटीवाल्यांची विमानंच्या विमानं उतरत होती. आमच्या इमारतीतही तीन-चार मजल्यांवर फोडणीचा वास यायचा. माणसं नव्हती असं नाही. पण बाकीच्या बायका पोराबाळांच्या धांदलीत, आणि मी नवीन लग्नाची, दिवसभर घरात. जपानी लोकांबद्दल तर तक्रार करायला जागाच नव्हती आणि हीच माझी तक्रार होती. सगळे वाकायचे, हसायचे, दार धरून ठेवायचे. आमच्या फोडणीचा त्रास झाला तरी कुणी दार वाजवलं नाही. एक दिवस सगळ्या इमारतीच्या टपालपेट्यांमध्ये एक छापील सूचना पडली: स्वयंपाक करताना सर्वांनी कृपया खिडक्यांची काळजी घ्यावी. सर्वांनी! मला ठाऊक होतं की ती माझ्या लसणीची सूचना आहे. मला वाटलं, अहो, या ना वर, चार शिव्या घाला, मी चहा करते.

तर तिकिटाला जेमतेम तीन आठवडे उरले असताना नवरा एका शनिवारी म्हणाला, "ओकुतामाला जाऊ. ऑफिसातले जपानी लोक म्हणतात, मस्त घळ आहे. नदी आहे. वाहती." शेवटचा शब्द त्याने जरा जोर देऊन म्हटला. मी पोळ्यांच्या गुंडाळ्या करताना निर्माल्याची पिशवी सॅकमध्ये सर्वांत वर ठेवली.

गाड्या बदलत बदलत गेलो. शेवटची गाडी इतकी छोटी की दार उघडायला आपणच बटण दाबायचं. स्टेशनबाहेर पडलो तर दोन्ही बाजूंनी डोंगर असे जवळ आलेले की आभाळ पट्टीएवढं दिसत होतं. खाली नदी. बाटलीच्या काचेसारखं हिरवं पाणी, मध्ये पांढरे धोंडे, आणि कड्याच्या कडेकडेने जाणारी पायवाट. दर दहा-वीस पावलांवर वरून एखादा ओढा उतरायचा आणि वाट त्याच्यावरून दगडांनी नाहीतर फळीने ओलांडायची. आवाजाने अस्वलं लांब राहावीत म्हणून नवऱ्याने घंटी विकत आणली होती. ती सॅकला बांधून तो किणकिण करत पुढे चालला होता आणि मी मागून, "आरती कधी आहे?" म्हणून विचारत होते. कित्येक दिवसांनी आम्ही हसलो.

त्या वाटेवर एक गंमत दिसली. समोरून येणारा प्रत्येक माणूस "कोन्निचिवा" म्हणत होता. म्हातारे, शाळकरी पोरं, दमून लाल झालेल्या बायका, सगळे. तोक्योत लिफ्टमध्ये शेजारी उभा असलेला माणूस बुटांकडे बघतो आणि इथे अनोळखी लोक थांबून नमस्कार करतात!

"डोंगरात असंच असतं, रूल आहे," नवरा म्हणाला.

"मग आपण डोंगरातच राहायला हवं होतं," मी म्हणून गेले. राहण्या-न राहण्याचा विषय खरं तर आम्ही त्या दिवसापुरता घरी ठेवून आलो होतो.

एक झुलता पूल ओलांडल्यावर वाट पलीकडच्या उतारावर चढली. तिथे दोन-चार जुनी घरं होती आणि त्यांच्या वरच्या अंगाला एक छान खळाळता ओढा. मला ती जागा पसंत पडली. मी बूट काढले, दगडावर बसले, पिशवी उघडली, मनात गणपतीला म्हटलं, बाबा रे, एवढं गोड मानून घे. पहिली मूठ पाण्यात सोडणार तोच खालून कुणीतरी वसकन ओरडलं.

एक म्हातारी चढ चढून येत होती. डोक्याला फडका, पायात रबरी बूट, हातात विळा. पाठीतून वाकलेली, पण आवाज असा की घळीत दोनदा घुमला. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने माझी अशी काही हजेरी घेतली की विचारू नका. नवऱ्याचं जपानी ऑफिसचं, तिचं डोंगरातलं. त्याला अर्धंच कळत होतं आणि तेवढंच तो मला सांगत होता.

"ती म्हणतेय, खाली तिची वसाबीची लागवड आहे. या पाण्यावर. ओढ्यात काय टाकतेस म्हणतेय. म्हणतेय, याच्या खाली मोठी नदी, तिच्या खाली तोक्यो, तुम्हीच पिणार हे पाणी... आणि अक्कल वगैरे काहीतरी म्हणतेय, ते मी सांगत नाही."

मी फुलांची मूठ हातात धरून ऐकत राहिले. आणि मला रडू फुटलं. नवऱ्याला वाटलं, अपमानाने. तसं नव्हतं. आमच्या गल्लीत शेजारची काकू अशीच ओरडायची, विहिरीवर बादली आपटली म्हणून, ओल्या केसांनी उन्हात हिंडले म्हणून. इथे आल्यापासून मला कुणी रागावलंच नव्हतं. रागवायला आधी माणूस दिसावा लागतो. ती म्हातारी माझ्याकडे, अगदी माझ्याकडेच बघून बोलत होती. मला इतकं बरं वाटलं की रडू आवरेना.

नवरा क्लायंटसमोर वाकतो तसा कमरेत वाकून "सुमिमासेन, सुमिमासेन" करत माफी मागत सुटला. म्हातारीने मोर्चा त्याच्याकडे वळवला.

"आता काय म्हणतेय?" मी नाक पुसत विचारलं.

"म्हणतेय, बायको रडतेय आणि तू माझ्यापुढे काय वाकतोस."

मग तिने पिशवीत डोकावून पाहिलं. नवऱ्याने सांगितलं, कामि-सामाची फुलं आहेत, देवाची, कचऱ्यात टाकवत नाहीत. तिने एक वाळकी शेवंती उचलली, वास घेतला आणि मोठ्याने हसली. ही तर थडग्यावर वाहायची फुलं! सुपरमार्केटात त्या जुड्या त्यासाठीच असतात हे आम्हा दोघांनाही तिथे, त्या ओढ्यावर कळलं. गणपतीने अकरा दिवस ते कसं चालवून घेतलं, त्याचं त्याला ठाऊक. म्हातारीने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि मागे या अशी मान हलवून उतरायला लागली.

तिच्या घराच्या कोपऱ्यावर आले आणि माझे पाय थांबले. तिथे माड होता. म्हणजे माड नव्हे, माडाचा गरीब चुलतभाऊ म्हणा. ठेंगणा, अंगभर तपकिरी केस गुंडाळलेला, डोक्यावर हातपंख्यासारखी पानं. त्या देवदारांच्या काळोख्या डोंगरात तो एकटा उन्हात उभा होता. "शुरो," म्हातारी म्हणाली. मी पिशवी मागितली आणि बुंध्याशी बोट दाखवून माझ्याजवळचे दोन शब्द वापरले, इथे, कृपया. तिने कुदळ आणून दिली. मी बाबा करायचे तसं आळं केलं, फुलं घातली, वर माती ओढली. देवाचं झालं, आता माडाचं. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. झाल्यावर तिने एका बाजूची माती पायाने सारखी केली, कारण तिच्या मते मी ती धड ओढली नव्हती.

आमच्या पोळ्यांच्या गुंडाळ्या आणि तिचा चहा, असं ओट्यावर बसून खाल्लं. माझ्या पातळ बुटांवरून एकदा बोलणी बसली. मग माझं लक्ष वळचणीकडे गेलं. तिथे शुरोच्या तपकिरी केसांच्या जुड्या वाळत टांगल्या होत्या आणि खाली एक अर्धवट बांधलेला झाडू होता. मी उठून तो हातात घेतला. आपल्याकडे शिंदीची असते, ही शुरोची, पण केरसुणीच की.

"हिला सांग," मी नवऱ्याला म्हणाले, "आमच्याकडे दिवाळीत हिची पूजा करतात. नवी आणून, हळद-कुंकू वाहून. लक्ष्मी म्हणून. आणि माझ्याकडे इथे नुसता व्हॅक्यूम क्लीनर आहे."

त्याने जमेल तसं सांगितलं. म्हातारीला ते मुळीच विचित्र वाटलं नाही. झाडूत देव असतोच, लहानपणी आडव्या झाडूवरून उडी मारली म्हणून आईने फटका दिला होता, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, तुमचा सण कधी? छोटा झाडू बांधायला वाळलेले केस हवेत, तोवर तयार होईल, येऊन घेऊन जा.

नवऱ्याने तारीख सांगितली आणि पुढे खालच्या आवाजात आणखी काहीतरी बोलला.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं की तेव्हा तू नसशील." तो माझ्याकडे बघत नव्हता.

म्हातारीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग अर्धा झाडू माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला आणि थेट मला विचारलं, इतकं सावकाश की दुभाष्याची गरज पडली नाही. येणार की नाही? येणार असलीस तर बांधते. नुसतं हसून मान हलवायची नाही.

खाली नदी वाजत होती. मला तिकीट आठवलं, आईचा फोन आठवला, "ये गं बाई, तुझ्या आवडीचे अनारसे करते." आणि समोर ही बाई, जिला माझ्या येण्या-न येण्यावर एक काम करायचं की नाही ते ठरवायचं होतं. त्या देशात माझ्यावाचून अडणारं ते पहिलं काम होतं.

"किमासु," मी म्हणाले. येते.

नवऱ्याने चहाचा पेला उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला. परतीच्या गाडीत त्याने आधी सॅकची घंटी सोडून खिशात टाकली. मग म्हणाला, "अगं, तिकीट... ते कॅन्सल करू की पोस्टपोन?"

"आधी केरसुणी तर येऊ दे," मी म्हणाले. एवढ्यात शेफारून जायचं कारण नव्हतं.

ती केरसुणी आली. लक्ष्मीपूजनाला त्या पाटावर गणपतीशेजारी मांडली, नवऱ्याने ऑफिसातून लवकर येऊन पणत्या लावल्या, आणि तिकीट कधी रद्द झालं ते आम्ही दोघंही एकमेकांना बोललो नाही. पुढे मी भाषा शिकले, शाळेच्या कँटीनमध्ये पार्टटाइम काम धरलं, मुलगी झाली. दर वर्षी गणपतीनंतर निर्माल्याची पिशवी घेऊन ओकुतामाला जायचं हा आमचा सणच झाला. म्हातारी दर वर्षी काहीतरी काढून रागवायचीच. पोरीला टोपी का नाही, मी इतकी वाळले कशाने, नवरा इतका सुटला कशाने, पुन्हा थडग्याची फुलं का आणली. आम्ही गाडीत बसतानाच पैज लावायचो, यंदा कशावरून.

शेवटच्या वेळी गेलो तेव्हा मुलगी माझ्या खांद्याला लागली होती. घराची वळचण रिकामी होती. म्हातारी ओट्यावर गुडघे मुडपून बसली होती, केस नीट विंचरलेले, अंगावर स्वच्छ कपडे. शेजारची एक बाई हल्ली तिचं बघत होती. आम्हाला पाहून म्हातारी खाली वाकली, कपाळ जवळजवळ फळीला टेकलं, आणि अतिशय अदबीच्या भाषेत म्हणाली की एवढ्या लांबून आलात, फार कष्ट झाले असतील.

"आई," मुलगी कानाशी जपानीत पुटपुटली, "ती आपल्याला ओळखत नाहीये. पाहुणे समजतेय."

मला ते कळलं होतं. त्या भाषेशी माझी जुनी ओळख होती. मी चहा प्यायले, हसले, मान हलवली. मग पिशवी उचलली आणि मुद्दाम तिच्या डोळ्यांसमोरून वरच्या ओढ्याकडे चढत गेले. तोच दगड, तसंच पाणी. मी बूट काढले. फुलांची मूठ भरली, हात पाण्यावर धरला आणि थांबले.

"दगड ओले आहेत," खालून म्हातारीचा मऊ आवाज आला. "कृपया जपून."

मूठ तशीच धरून मी खाली आले, कुदळ शोधली आणि शुरोच्या बुंध्याशी आळं केलं. एका बाजूची माती धड ओढली गेली नव्हती, ती तशीच राहिली. नवरा माझ्या शेजारी उभा होता. मी रडत होते, आणि या वेळी त्याला कुणी ओरडलं नाही.