खैरुनबीचे सहा प्रांत

विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात खैरुनबी मुजावर कामाला लागली ती भांडी घासायला. माहेर शाहूवाडीकडच्या डोंगरातलं. नवरा रशीद इचलकरंजीत मागावर. आठवड्यातून एकदा तो घरी यायचा, आला की झोपायचा, उठला की जेवायचा आणि जेवला की पुन्हा एस.टी. धरायचा. घरात बोलायला माणूस नव्हतं. ती हौस खैरुनबी वसतिगृहात भागवून घ्यायची.

भांड्यांवरून ती चुलीपुढं आली, पण तिला बढती कुणी दिली नव्हती. १९७२ साली आचारी केरबा मेहुण्याच्या लग्नाला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सत्तर मुली ताटं घेऊन बसलेल्या आणि चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं. खैरुनबीने राखेचे हात धुतले आणि पिठाची परात पुढं ओढली. पंधरवड्याने कराडकडच्या एका पालकाचं पत्र आलं, की स्वयंपाक कोण करतं याची चौकशी व्हावी. रेक्टरबाईंनी चौकशी केली. म्हणजे त्या स्वतः मुलींच्या पंगतीला बसून जेवल्या आणि उलटटपाली कळवलं, की चौकशी केली, स्वयंपाक चांगला होतो. पुन्हा पत्र आलं नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी, अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरात, विद्यापीठात राष्ट्रीय एकात्मता सप्ताह ठरला. समितीचे कार्यवाह होते समाजशास्त्राचे प्राध्यापक गणपतराव इंगवले. मनाने सरळ माणूस. देशात एकी नाही याचं त्यांना खरोखरच वाईट वाटायचं. एके सकाळी ते हातात वही घेऊन स्वयंपाकघरात आले.

"खैरुनबी, रोज एक प्रांत. सहा दिवस सहा प्रांत आणि सातव्या दिवशी एकात्मता थाळी. सबंध देश ताटात दिसला पाहिजे."

"किती माणसं?"

"देशात?"

"जेवायला."

गणपतरावांनी वहीत बघितलं. दीडशे. मग त्यांनी पदार्थ वाचून दाखवले. त्यातला एकही खैरुनबीने पाहिलेला नव्हता. मिरजेच्या पुढे ती कधी गेलेली नव्हती.

"इडली जमेल?"

"दिसती कशी?"

"पांढरी. गोल. तांदळाची. वाफवतात."

"मग जमंल की."

गणपतराव समाधानाने गेले. खैरुनबीची मदतनीस अंबूबाई लसूण सोलत होती. ती म्हणाली, "देश लई मोठा दिसतोय. चुली दोनच हाईत."

पहिला दिवस पंजाबचा. त्यांची ती मोहरीची भाजी मंडईत मिळाली नाही, म्हणून खैरुनबीने चाकवत घातला. दुसऱ्या दिवशी बंगाल. गणिताच्या सन्याल सरांची बायको स्वतः मासा शिकवायला आली. मोहरीचं तेल कोल्हापुरात कुठं मिळेना, तेव्हा शेंगतेलात मोहरी वाटून घातली. बाई जेवल्या आणि "एकदम वेगळं झालंय" म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी डबा पाठवला, भरून घ्यायला. काश्मीरच्या दिवशी अडचण आली. सरकारी माहितीपत्रकात शिकारा-होडीचा फोटो होता, जेवणाचा नव्हता. खैरुनबीने फोटो बराच वेळ बघितला आणि केशरी भात केला. गुजरात गोड झालं. सिंध आता आपल्या देशात नाही अशी शंका कुणीतरी काढली, म्हणून फलकावर 'सिंधी बांधव' असं लिहिलं. त्यांची कढी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातल्या एका सिंधी मुलीने सांगितली तशी झाली. ती मुलगी दर रविवारी घरी जायची, सहा मैलांवर. मद्रासच्या दिवशी खैरुनबीने पातेल्याच्या तोंडाला धडपा बांधून त्यावर पीठ ओतलं आणि पातेल्याच्या तोंडाएवढी एकेक इडली काढली. सुरीने तिचे आठ-आठ तुकडे केले. गणपतरावांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, की ही तिकडच्या खेड्यातली जुनी पद्धत आहे.

सगळ्या प्रांतांत कांदा-लसणाची चटणी थोडी थोडी पडली होती. तो खैरुनबीच्या हाताचा गुण. कुणाची तक्रार नव्हती. गणपतराव तर रोज दोनदा वाढून घ्यायचे.

सहाव्या दिवशी जेवणं उरकल्यावर ते पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात आले. या खेपेला वही नव्हती.

"उद्या समारोपाला धारवाडचे डॉक्टर कट्टी येताहेत," ते म्हणाले. "फार मोठे विद्वान. पण जरा जुन्या वळणाचे आहेत. बाहेर कुठं अन्नाला शिवत नाहीत म्हणे."

"मग जेवणार कुठं?"

"इथंच. फक्त... एखादे वेळी त्यांनी विचारलंच, स्वयंपाक कुणी केला, तर आपण शारदाबाई म्हणू."

"ती कोण?"

"तुम्ही. उद्या दुपारपुरत्या."

खैरुनबीच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच राहिली. मधे अंबूबाई बोलली, "घे की गं. माझं न्हाय का लग्नात बदललं? माहेरची बनी, हितं येऊन अंबू झाली. म्हैनाभर हाक मारली तर दुसऱ्या कुणाला बोलवत्यात म्हनून मी आपली गप बसायची. माझं लग्नात बदललं, तुझं एकात्मतेत."

गणपतराव हसले नाहीत. "एका चांगल्या कार्यासाठी," ते म्हणाले.

"बरं," खैरुनबी म्हणाली.

तिचं 'बरं' म्हणजे ऐकलं, एवढंच असायचं. हे अंबूबाईला माहीत होतं, गणपतरावांना नव्हतं. ते हलक्या मनाने निघून गेले.

त्या संध्याकाळी तव्यावर तीन भाकरी करपल्या. सहा वर्षांत असं झालं नव्हतं. राग कशाचा आला हे तिला नीट सांगता आलं नसतं. कराडच्या त्या माणसाने निदान उघड विचारलं होतं, आणि त्याने तिच्या हातचं खाल्लेलंही नव्हतं. हे सर सहा दिवस बोटं चाटून जेवले होते. करपलेल्या भाकरी तिने बाजूला काढल्या आणि अंबूबाईला म्हणाली, "आच लागली जास्त." अंबूबाई म्हणाली, "व्हय, लागली."

समारोपाचा मांडव वसतिगृहाच्या पटांगणात होता. मांडववाल्याने एक कर्णा बरोब्बर स्वयंपाकघराच्या खिडकीकडं तोंड करून बांधला होता, त्यामुळे खैरुनबीला सगळी भाषणं ऐकू आली. पुऱ्या तळता तळता तिने ऐकलं, की विविधता हे आपलं भांडार आहे. भात उपसताना ऐकलं, की माणसाने माणसाला त्याच्या नावागावासकट जवळ केलं पाहिजे. हे गणपतराव बोलत होते. त्यानंतर त्यांनी सांगितलं, की आजची थाळी आमच्या शारदाबाईंनी सिद्ध केली आहे. टाळ्या पडल्या.

"तुला वाजवल्या गं," अंबूबाई म्हणाली.

"मला कशाला? शारदाबाईला."

पंगत बसली. डॉक्टर कट्टी म्हणजे सत्तरीतले, काटकुळे, पांढऱ्या कोटातले गृहस्थ. त्यांच्यापुढं सहा प्रांत वाढले गेले. त्यांनी ताटाकडं आदराने बघितलं, पण कशालाही हात लावला नाही. थोडं ताक प्यायले. तेवढ्यात पाहुण्यांनी गणपतरावांना जवळ बोलावून हळूच विचारलं, "काही साधं मिळेल का?"

गणपतराव जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात आले.

"साधं काय आहे?"

"साधं तुमच्या यादीत कुठं हुतं?" खैरुनबी म्हणाली.

चुलीच्या कडेला एक लहान पातेलं होतं. त्यात खैरुनबीचं आणि अंबूबाईचं दुपारचं जेवण होतं: मऊ भात आणि वर कुळथाचं पातळ माडगं. शाहूवाडीला हे घरोघर असतं, त्यामुळे ते कुणाला वाढायची गोष्ट आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"हे चालंल का बघा."

"हे? पाहुण्यांना?"

"दुसरं न्हाय."

गणपतरावांनी वाटी नेली. डॉक्टर कट्टींनी वाटी नाकाशी धरली आणि म्हणाले, "हुरळी!" मग ते खाली मान घालून जेवले. वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

"शारदाबाईंनी."

"बोलवा त्यांना."

"शारदाबाई!" गणपतरावांनी हाक मारली. कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा मारली, जरा मोठ्याने. स्वयंपाकघरात खैरुनबी पुऱ्यांची कढई उतरवत होती, तिने मान वर केली नाही. तिसऱ्या हाकेला वाढणाऱ्या मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. तेव्हा डॉक्टर कट्टी स्वतःच उठले आणि वाटी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. मागोमाग गणपतराव.

"अजून हाय की," खैरुनबी म्हणाली. "बसून ऱ्हायचं, पावणं. पाठवलं असतं."

"आमच्याकडं याला हुरळी सारु म्हणतात," कट्टी म्हणाले. "आई करायची. ती गेल्यापासून कुणी केलं नाही. बाई, तुमचं नाव काय?"

खैरुनबीने गणपतरावांकडं बघितलं.

"तुमीच सांगा, सर. माझ्या ध्यानात न्हाय."

मग अंबूबाईच बोलली. "शारदाबाई. जेवणं हुईस्तोवर. एरवी खैरुनबी."

कट्टी वळले. "म्हणजे काय?"

गणपतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि जे होतं ते सांगितलं. आपण सोवळ्यातले आहात, बाहेर जेवत नाही, असं आमच्या कानावर आलं होतं, म्हणून.

"सोवळं?" कट्टी म्हणाले. "मला अल्सर आहे. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. म्हणून मी बाहेर जेवत नाही. हे सोवळं कुणी काढलं?"

कुणी काढलं ते गणपतरावांनाही आठवेना. कट्टींनी भिंतीशी टेकवलेला पाट स्वतः घेतला, चुलीपासून हातभर अंतरावर मांडला, बसले आणि वाटी पुढं केली.

"खैरुनबी, अजून एक पळी."

ती दोघींची दुपारची शिदोरी होती. कट्टींनी सगळी संपवली. बाहेर मांडवात कुलगुरू, प्राचार्य आणि शहरातली मंडळी पाहुण्यांची वाट बघत बसली होती. त्यांना सांगितलं गेलं, की पाहुणे जेवताहेत.

समारोपाचं भाषण ते तास-दीड तास करतील अशी अपेक्षा होती. ते चार मिनिटं बोलले. म्हणाले, जेवण जास्त झालंय, उभं राहवत नाही. आज मला श्रीमती खैरुनबी मुजावर यांनी जेवायला घातलं, त्यांचे आभार. आणि खाली बसले. कर्ण्यातून ते स्वयंपाकघरात नीट ऐकू आलं.

"ऐकलंस का?" अंबूबाईने विचारलं.

"ऐकलं. पातेलं धर तिकडनं."

पण पातेलं उतरवल्यावर ती पदराने तोंड पुसत जरा वेळ खिडकीशी उभी राहिली. मग दोघींनी उरलेल्या सहा प्रांतांतलं थोडं थोडं खाल्लं. त्यांचं स्वतःचं काही शिल्लक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गणपतराव आले. दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "खैरुनबी, माझं चुकलं."

समोरच्या माणसाने अशा वेळी 'असू द्या' म्हणायचं असतं. खैरुनबी म्हणाली, "व्हय." आणि मग थोड्या वेळाने, "बसा. च्या ठेवते." गणपतराव बसले. त्यानंतर ते तिला कधी काही सांगायला आले की आधी दारात थांबायचे.

पुढच्या वर्षी सप्ताहाची समिती नेमली तेव्हा गणपतरावांनी खैरुनबीचं नाव तिच्यात घातलं. ठराव मंजूर झाला. समितीची पहिली बैठक सकाळी अकराला ठेवली होती. अकरा ही भाकरीची वेळ, म्हणून ती गेली नाही. दुसरी बैठकही अकराला होती, तिलाही गेली नाही. सदस्या वारंवार गैरहजर राहतात अशी नोंद झाली. गणपतराव विचारायला आले तेव्हा ती म्हणाली, "मी कुठं जात न्हाय, सर. तीनला मोकळी असते. यायचं तर हितं या."

त्यानंतर बैठका दुपारी तीनला स्वयंपाकघरात व्हायला लागल्या. समाजशास्त्राचे, इतिहासाचे आणि हिंदीचे प्राध्यापक पोत्यांवर बसायचे. माणूस रिकाम्या हाताने बसलेला खैरुनबीला बघवत नसे, म्हणून प्रत्येकापुढं ती तांदळाचं एकेक ताट सरकवायची. सहा प्रांतांचे तीन झाले, कारण दोन चुलींवर तेवढेच जमतात असं सदस्या म्हणाल्या. त्यातला एक दिवस शाहूवाडीचा ठरला. इतिहासाच्या प्राध्यापकांनी विरोध केला, की तो प्रांत नाही, तालुका आहे. त्यावर सदस्याबाईंनी त्यांच्या ताटातले राहिलेले खडे दाखवले आणि विषय पुढं गेला.

त्या वर्षी समितीच्या एकूण पाच बैठका झाल्या. दीड पोतं तांदूळ निवडून झाला.