मागच्या चाकातला दोन बोटांचा प्ले

ठाकूरद्वारच्या एका चाळीच्या पटांगणात दुर्गा तळपदे यांची मोटरसायकल उभी असते आणि तिला कोणी हात लावत नाही. एकदा चाळीच्या सेक्रेटरींनी तिच्या सीटवर सत्यनारायणाच्या पत्रिका ठेवल्या होत्या. बाईंनी त्या उचलून गटाराच्या झाकणावर ठेवल्या आणि वर निघून गेल्या.

बाई सहासष्टच्या. विमा कंपनीच्या वडाळ्याच्या ऑफिसात त्यांनी नोकरी केली आणि ब्याण्णव साली घेतलेल्या या गाडीवरून निवृत्त होईपर्यंत ये-जा केली. सिग्नलला लोक वळून बघायचे, तेव्हा बाई त्या लोकांच्या गाड्यांच्या टायरकडे बघायच्या. बहुतेकांचे गुळगुळीत झालेले असत. लग्नासाठी बघायला आलेल्या एकाने पोहे खाता खाता विचारलं होतं, "गाडी नंतर विकाल ना?" त्याला पोहे संपवू दिले आणि वाटेला लावलं. पुढे कोणी आलं नाही, आणि बाईंना त्याची खंत वाटल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

गेल्या दिवाळीपासून गाडीतून आवाज यायला लागला. रेस दिली की खाडकन, सोडली की पुन्हा खाडकन. पहिल्या गिअरमध्ये तर मागून कोणी लाथ घालावी तसा धक्का बसे.

लोअर परळच्या एका गॅरेजवाल्याने कानातली इअरफोनची बटणं न काढता सांगितलं की चेन गेली आहे. चेन आणि दोन्ही दातेरी चक्रं त्याने नवी टाकली. आवाज तसाच राहिला. मग दादरला काचेच्या दाराचं एक सर्व्हिस सेंटर होतं, तिथे गणवेशातल्या तरुणाने फॉर्म भरून घेतला, क्लच प्लेट बदलल्या आणि आवाज राहिलाच तेव्हा म्हणाला, "मॅडम, गाडीचं आता वय झालंय."

"माझंही झालंय," बाई म्हणाल्या. "मग माझं काय करायचं?"

त्यासाठीचा फॉर्म त्याच्याकडे नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअर उन्मेषने फोनवर व्हिडिओ बघून निदान केलं, गिअरबॉक्स खलास आहे, भंगारात द्या. या उन्मेषला स्वतःच्या स्कूटरमध्ये हवा भरायलाही पंपावरचा माणूस लागतो. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, कारण त्यांचा चहा अजून संपायचा होता.

रविवारी सकाळी त्या खुर्ची, खडू आणि पान्यांची पिशवी घेऊन खाली उतरल्या. गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकला आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवलं. गिअरमध्ये असलेलं चाक किंचितच हलायला हवं. हे चांगलं दोन बोटं हललं; गॅरेजवाले या मोकळ्या हलण्याला प्ले म्हणतात. त्यांनी टायरवर खडूची खूण केली, पुन्हा हलवलं आणि या वेळी चाकाऐवजी त्याच्या शेजारच्या दातेरी चक्राकडे बघत राहिल्या. चाक एक बोट सरकेपर्यंत चक्र जागचं हललंच नाही. म्हणजे चाक आणि चक्र यांच्यामध्ये हबात जे रबरी तुकडे असतात, धक्का झेलणारे, ते संपले होते. दोन गॅरेजं आणि एक इंजिनिअर, आणि चाक हलवून बघण्याची अक्कल एकालाही नव्हती.

हा विचार पुरता सुखावण्याआधीच त्यांना वरळी कोळीवाड्याचा हरेश्वर आठवला. पाच वर्षांपूर्वी पंक्चर काढताना त्याने चाक असंच हलवलं होतं आणि म्हणाला होता, "ताई, हबातले रबर बसलेत. बघून घ्या." होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, अंगाला डिझेलचा वास. काम काढतोय, असं बाईंना वाटलं होतं. "मी विचारलं नव्हतं," असं त्या म्हणाल्या होत्या.

आठवण बाजूला सारून त्यांनी पान्यावर पाय देऊन आसाचा नट सोडवला. चाक निघालं. आतले रबर चपटे झालेले, एकाचा तर खोडरबरासारखा भुगा. सोमवारी नवे आणून बसवले. प्ले निम्मा झाला, पण गेला नाही. मग त्यांनी इंजिनजवळच्या पुढच्या चक्राचं झाकण उघडलं. चक्र अडकवून ठेवणाऱ्या पट्टीला दोन बोल्ट असतात. तिथे एकच होता, दुसऱ्या भोकात चिखल. कानात बटणं घालून काम करणाऱ्याचा हा पराक्रम. चक्र बोटाने हलवलं तर ते इंजिनातून आलेल्या शाफ्टवर स्वतःच्या मर्जीने डुलत होतं, आणि शाफ्टचे दातेही झिजलेले दिसत होते.

याच्या पुढचं काम त्यांच्या हातातलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी दुसरं कोणी आठवतंय का ते पाहिलं. कोणी नव्हतं. शेवटी हळूहळू चालवत त्या वरळीला गेल्या.

हरेश्वरने बाईंना नाही, गाडीला ओळखलं. खाली बसून त्याने पुढचं चक्र हलवलं आणि नाक मुरडलं.

"कोणी बसवलं हे?"

"एका मूर्खाने."

"आणि इतके महिने चालवलं कोणी?"

असं बाईंशी बरीच वर्षं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी सांगितलं की रबराचं तुम्ही पाच वर्षांपूर्वी बोलला होतात. हरेश्वरला ते आठवत नव्हतं. तो म्हणाला, सगळ्यांनाच सांगतो, ऐकत कोणीच नाही. त्या 'सगळ्यां'त आपण सिग्नलवरच्या गुळगुळीत टायरवाल्यांबरोबर उभ्या आहोत, हे बाईंना चांगलंच झोंबलं.

त्याने सांगितलं की आधीच्या मेकॅनिकने टाकलेलं चक्र हलकं आहे, आतून खाल्लं गेलंय, शाफ्ट त्यामानाने बरा आहे. बाई म्हणाल्या, इंजिन उघडून शाफ्टच बदला. तो नाही म्हणाला. "दोन-तीन वर्षं जातील अजून. उगाच कशाला उघडायचं?" त्याने चांगलं घट्ट बसणारं चक्र टाकलं, पट्टी नवी घेतली, दोन्ही बोल्ट आवळले आणि चाक हलवून दाखवलं. अर्ध्या बोटाहून कमी हललं. हा गिअरमधला प्ले, हा राहणारच, याच्या मागे लागू नका, असं त्याने बजावलं.

परतीच्या वाटेवर गाडीने एकदाही लाथ घातली नाही. पटांगणात उन्मेषने विचारलं, शेवटी काय निघालं? बाईंनी सांगितलं, रबर आणि एक बोल्ट. तो म्हणाला, पण व्हिडिओत तर गिअरबॉक्स म्हणाले होते. बाई जिना चढू लागल्या.

आता दर दोन-तीन महिन्यांनी त्या वरळीला जातात. गाडीला बहुधा काही झालेलं नसतं. हरेश्वर चाक हलवून बघतो, चेनला तेल लावतो, मग दोघं उलट्या करून ठेवलेल्या क्रेटवर बसून मुंबईतले तमाम मेकॅनिक कसे बिनडोक आहेत यावर तासभर बोलतात. त्याची बायको मंजुळा बाजारातून टोपली घेऊन येते तेव्हा दोघांना तशीच बसलेली बघते. एकदा तिने सरळ विचारलं, "या जगात तुमच्या दोघांशिवाय कुणाला काय येतं का नाय?"

दोघांनी खरंच थोडा विचार केला. मग हरेश्वर म्हणाला, वडाळ्याला एक लेथवाला होता, पण तो वारला.