माझ्या कपातला तिचा घोट

त्या दिवशी सकाळी बी सुंद्रानं माझ्या कपातला पहिला घोट स्वतः घेतला, पदरानं कड पुसली आणि कप माझ्यापुढं सरकवला. मी जरा वेळ तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मग चहा प्यालो. मग तिनं गोळी दिली. मी गिळली, आ केला, जीभ उचलून दाखवली. माझी हनुवटी धरून तिनं तोंड उजेडाकडं वळवलं, आत नीट बघितलं आणि म्हणाली, "मिटा आता. माशी जाईल."

शेजारीपाजारी हसायचे. नवरा-बायकोत असं कुठं असतं का? आमच्यात होतं. दीड वर्ष रोज सकाळी आम्ही एकमेकांवर असा संशय घेतला. माझी दारू थांबली ती त्याच्यावरच.

सुंद्रा माझी बायको. बुटकी, बोलायला तिखट. मेथीची जुडी सोडून बघितल्याशिवाय ती भाजीवालीला पुढं जाऊ देत नव्हती. "मला सांगू नका, मला दिसू द्या," हे तिचं ठरलेलं बोलणं. तिच्या तावडीत मी सापडलो तो म्हातारपणी. त्याआधी तीस वर्षं मी लातूरला डाळमिलमध्ये हमाली केली. ती गावाकडं, भोकरजवळ. मिलमध्ये डाळीची धूळ घशाला बसायची, म्हणून संध्याकाळी थोडी घ्यायची, असं आम्ही हमाल एकमेकांना सांगायचो. मिल सुटली, धूळ सुटली. दारू गावापर्यंत संगं आली.

एक दिवस वरण कडवट लागलं. दुसऱ्या दिवशी बी. त्या दोन्ही दिवशी दारू पोटात गेली की उलट्या. तिसऱ्या दिवशी ती पाण्याला गेल्यावर मी डबे हुडकले. तुरीच्या डाळीत एक पुडी सापडली. कागदावर नाव नाही, काही नाही. माझ्या मनात एकच आलं, ही मला मारून राहिली. त्या दिवशी वरणात भाकर बुडवून मी ती दारातल्या कुत्र्याला घातली आणि दिवस मावळेपर्यंत त्याच्यासमोर बसलो.

"त्या कुत्र्याकडं काय बघून राहिले तुमी?" सुंद्रानं विचारलं.

"जगतंय का मरतंय ते."

तेव्हा तिनं सगळं कबूल केलं. बसस्टँडवरच्या एका पुडीवाल्यानं तिला सांगितलं होतं, नवऱ्याला कळू न देता जेवणात घाला, महिन्यात दारू सुटते. मेथीची जुडी सोडून बघणारी बाई, पण ही पुडी तिनं वास बी न घेता घेतली. गावात किती घरांत अशा पुड्या डाळीत असतील, देव जाणे. कुत्रं जगलं. पण त्या दिवसापासून मी तिच्या हातचं खाईना, आणि भीतीनं दारूला बी हात लावीना. दोन दिवसांत हातपाय लटलटा कापायला लागले. अंगाला घाम, झोप नाही.

तिनं गावातल्या आशाताईला गाठलं. आशाताई म्हणाली, एकदम बंद केली की असं होतं, हे घरी ठेवायचं काम नाही. नांदेडला सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत, दारूचं बी तेच बघतात.

"येड्याच्या डाक्टरकडं मी येणार न्हाई," मी म्हटलं. "मी काय येडा हाय?"

"येडे न्हाईत म्हणून तर इचारून राहिले. येड्याला कोन इचारतंय? उचलून नेतेत. चला."

डॉक्टरीणबाई पोरसवदा होती. ती म्हणाली, आठ दिवस इथं राहा. मी म्हटलं, जमणार नाही. आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक, की ठेवून घेतात आणि आतलं काहीतरी काढतात. रक्त घेतलं तेव्हा बी मी नळी कुठं नेतात ते दारापर्यंत जाऊन बघून आलो. मग तिनं विचारलं, "घरी आधी काही औषध दिलं होतं का?" सुंद्रानं पदराची गाठ सोडली आणि पुडी टेबलावर ठेवली.

"मावशी, माणसाला न सांगता काही द्यायचं नाही. जीव गेला असता."

"आता ऐकलं का?" मी म्हटलं. "हिनंच घातलंय."

"घातलं," सुंद्रा म्हणाली. "दुसरं काय घालू? हातापाया पडून झालं होतं."

डॉक्टरीणबाईनं पुडी बाजूला सारली. मग तिनं हातांचं कापणं थांबायच्या गोळ्या दिल्या आणि दोन दिवसाआड दाखवायला बोलावलं. सुंद्रा मला दर वेळी एसटीनं घेऊन गेली. हात थांबल्यावर डॉक्टरीणबाईनं दुसरी गोळी पुढं ठेवली. म्हणाली, "ही चालू असताना दारू घेतली तर जीवावर बेतेल. तुम्हाला पटलं तरच देणार." मी हो म्हटलं. घरी येऊन सुंद्राला अट घातली, माझ्या कपातला पहिला घोट तुझा. ती म्हणाली, "घेते की. मी काय भिते?"

पोळ्याला मी घसरलो, परत प्यालो. त्याच्या आधी पंधरा-वीस दिवस गोळी गालात धरून बाहेर थुंकत होतो. सुंद्राला त्या गोळ्या गोठ्यात सापडल्या. तेव्हापासून तोंड उघडून दाखवायचं सुरू झालं. डॉक्टरीणबाई ओरडली नाही. "असं होतं, बाबा. परत सुरू करू," एवढंच म्हणाली. न ओरडणाऱ्या माणसाचा मला लई संशय येतो. मी सुंद्राला म्हटलं, हिचा काहीतरी डाव हाय. ती म्हणाली, "हाय ना. तुमाला जगवायचा."

त्या शेवटच्या दिवशी दुपारी ती सूप घेऊन तूर निवडत बसली होती. छातीत जळजळतंय म्हणाली. मला वाटलं, काम टाळून राहिली. तसं मी बोललो बी. तासाभरात तिचे ओठ काळे पडले. जीप मिळाली, पण भोकरच्या दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही.

दिवस बुडायच्या आत तिला आग दिली. परत येताना चुलतभाऊ किसननं माझ्या खिशात बाटली घातली. "दादा, आज घे. आजच्या दिवशी कोन काय म्हणत न्हाई." नको म्हटलं असतं तर मला आज सांगायला बरं वाटलं असतं. मी नको म्हटलं नाही. सकाळची गोळी पोटात होती. त्याच्यावर घेतली तर काय होईल ते मला ठाऊक होतं, आणि तेच मला बरं वाटून राहिलं होतं. शेजारणीनं पिठलं-भाकर आणून ठेवली होती. ती तशीच राहिली. मी बाटलीचं झाकण धरून बसलो आणि फिरवलं नाही. का नाही, ते मला आजवर कळलं नाही. पण उद्या फिरवणार, हे कळत होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा माझा माझ्यावर बसला.

सकाळी पहिल्या एसटीनं नांदेडला गेलो. सुतकातला माणूस गाव सोडून कुठं निघाला, म्हणून लोक बघत राहिले. बघू दे म्हटलं. डॉक्टरीणबाई आल्यावर बाटली तिच्या टेबलावर ठेवली.

"मावशी कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"काल गेली," मी म्हटलं. "मला ठेवून घ्या. उद्या राख सावडायला जायचं हाय, तेवढं सोडा. पण एकट्याला सोडू नका."