काकू कशा आहेत?

बाबा चंद्रावरच्या माणसांशी बोलायचे. नियंत्रण कक्षात तज्ज्ञ चाळीस, पण वर आवाज जायचा एकाचाच, ऐकणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून. तिकडचं उत्तर यायला तीन सेकंद लागत. थांबायची ती सवय घरीही आली. आई करवादायची, "अहो, मी स्वयंपाकघरातून विचारतेय, चंद्रावरून नाही!"

आई गेली त्या दुपारी ते कामावर होते. हॉस्पिटलातून मीच फोन केला. साहेबांनी त्यांच्यापुढे चिठ्ठी सरकवली, बदली माणूसही उभा केला. पण परतीच्या प्रवासाचे आकडे निम्मे वाचून झाले होते, आणि मध्येच आवाज बदलला की वरचा बिचकतो. बाबांनी मानेनेच नको म्हटलं आणि शेवटचा आकडा देऊनच उठले.

"काळीज आहे की दगड?" मी दारातच विचारलं. त्यांनी नेहमीचे तीन सेकंद घेतले आणि आत आईपाशी गेले. पुढची सहा वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

ते गेल्यावर त्यांच्या साहेबांनी त्या दुपारचं रेकॉर्डिंग आणून दिलं. सगळे आकडे खणखणीत आवाजात. मग वरचा पोरगा विचारतो, "सगळं लिहून घेतलं, काका. काकू कशा आहेत आज?"

इकडून उत्तर द्यायला थांबायची गरज नव्हती. मी घड्याळ लावून मोजलं. एकोणीस सेकंद नुसती खरखर.

"बरी आहे," बाबा म्हणाले. "तू आधी नीट घरी ये."