दोराच्या दुसऱ्या टोकाला सेवास्ती

सेवास्तीमावशी अथेन्समधल्या आमच्या थिएटरात एकतीस वर्षं कपडेपट सांभाळत होती आणि एवढ्या वर्षांत तिनं एकही नाटक समोर बसून पाहिलं नव्हतं. विंगेत उभं राहून, दातात टाचण्या धरून, दिसेल तेवढं बघायची. मी दिवे करायचो. माझी जागा उंचावर, एका बाजूला, त्यामुळे मला रंगमंचही दिसायचा आणि विंगेतली मावशीही.

बुटकी, हातानं भक्कम, आवाज बंदरावरचा. "पोट आत घे रे, तू राजा आहेस की पिंप?" असं ती भल्याभल्यांना ऐकवायची. जन्म कालिम्नोस बेटावरचा. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पितळी शिरस्त्राण आणि जाड कापडाचा पोशाख घालून समुद्राच्या तळाशी स्पंज काढायला उतरायचे. उन्हाळाभर आफ्रिकेच्या किनाऱ्याला. मावशीचा बाप तिकडून परतला तो खोल पाण्यानं कमरेखाली लुळा होऊन. भाऊ नोमिकोस बाविसाव्या वर्षी गेला, तो परतलाच नाही. हे तिनं मला एकदा बटण शिवता शिवता सांगितलं आणि लगेच म्हणाली, "कात्री दे."

त्यामुळे एकोणऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही 'तळ' नावाचं नाटक बसवायला घेतलं, तेही कालिम्नोसच्या पाणबुड्यांवरचं, तेव्हा मावशीच्या अंगात वारं शिरलं. तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. "हे शिरस्त्राण एकट्याला घालता येत नाही, बरं का. दोर असा धरत नाहीत." दिग्दर्शकानं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मावशी, तुम्ही बटणं बघा." मावशी बटणं बघायला लागली.

नाटक पडलं. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, पण लोक फिरकेनात. समोरच्या थिएटरात सासूवरचा फार्स चालू होता, तिथं रांग रस्त्यापर्यंत. आमच्याकडे तीनशे वीस खुर्च्या आणि एका शनिवारी प्रेक्षक एकोणीस. त्यातलेही चारजण पावसातून आडोशाला शिरलेले.

मंगळवारी मालक लाव्रेंतिस यांनी रंगपटाच्या दाराशी कागद टाचला. ईस्टरपर्यंत चालायचं नाटक या रविवारी बंद. सहाचा प्रयोग शेवटचा. नाटकाचा नायक फोकिओन. टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीमुळे त्याला पोरंसुद्धा ओळखायची. त्यानं कागद वाचला आणि स्वतःच्याच ट्रंकेला लाथ घातली. मावशीनं अंगातला कोट न काढता वाचला, एकदा, मग परत एकदा, आणि तशीच वळून मालकांच्या खोलीत शिरली. मी मागोमाग.

"मालक, रविवारची किती तिकिटं गेली?"

"अकरा."

"उरलेली अडवून ठेवा. माझी माणसं येणार आहेत."

"तुझं गोत मोठं आहे ठाऊक आहे मला. पण तीनशे?"

"पाणबुड्यांचं गोत आहे, मालक. बघाच तुम्ही."

लाव्रेंतिस हसले. हसण्यासारखंच होतं ते.

बुधवारी सकाळी मावशी माझ्या मोटरसायकलवर मागे बसली, पर्स छातीशी धरून, आणि आम्ही पिरेअस बंदर गाठलं. कालिम्नोसहून आलेल्यांचं एक कॉफीचं दुकान होतं तिथं. आत धूर, सोंगट्यांचा खडखडाट, आणि भिंतीला टेकवलेल्या काठ्याच काठ्या. इतक्या काठ्या मी हॉस्पिटलातही पाहिल्या नव्हत्या. मावशी मधोमध उभी राहिली.

"काय रे मेल्यांनो, जिवंत आहात ना?"

"अर्धे," कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला. हा साकेलारिस. पंचवीस वर्षं पाणबुडा, आता दोन काठ्यांवर. "तू कुठं उगवलीस, सेवास्ती? शिवणकाम संपलं?"

"तुमच्यावर नाटक लागलंय अथेन्समध्ये. रोज रिकाम्या खुर्च्यांपुढे होतंय. रविवारी बंद होणार. तुमच्या बापांची गोष्ट एकोणीस माणसांनी बघितली आणि तुम्ही इथं सोंगट्या मारताय!"

"पाणबुडा कोण झालाय?"

"फोकिओन."

"तो साबणवाला?" सगळं दुकान हसलं. "कधी पाण्यात उतरलाय का तो?"

"न्हाणीघरात," मावशी म्हणाली. "म्हणून तर म्हणतेय, या. येऊन शिव्या घाला, पण या."

कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. साकेलारिसनं फासे टाकले. परतताना मावशी सिग्नलपाशी माझ्या कानात ओरडली, "येतील का रे, थ्रासो?" मी म्हणालो, "येतील." मला मुळीच खात्री नव्हती.

रविवारी साडेपाच वाजता मी वर दिवे तपासत होतो, तेवढ्यात खालून तिकीटवाली किंचाळत आली, "बस! दोन बस! आणि एक ट्रक!"

मी जिना उड्या मारत उतरलो. आमच्या अरुंद रस्त्यात दोन बस अडकल्या होत्या आणि सासूच्या फार्सची रांग माना वळवून बघत होती. म्हाताऱ्या उतरत होत्या, काळ्या कपड्यांतल्या, हातात मधाच्या वड्यांचे ट्रे. सुना, नातवंडं. काठीवाले पुरुष, एकेकाला दोघंजण धरून. साकेलारिसला तर त्याच्या दोन जावयांनी खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलून आणलं आणि तो वरून हुकूम सोडत होता, "डावीकडे! तुझी डावी, गाढवा!"

तिकिटं संपली. लाव्रेंतिस कोऱ्या कागदाचे तुकडे करून त्यावर सह्या ठोकू लागले. शेजारच्या मिठाईवाल्यानं खुर्च्या दिल्या, त्या संपल्या तेव्हा लोक मधल्या वाटेत बसले. विंगेत मावशी फोकिओनचा पोशाख आवळत होती. एकच बंद तिनं तीनदा सोडून बांधला. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"किती आहेत?" फोकिओननं विचारलं.

"पुष्कळ. सगळे पाणबुडे."

फोकिओनचा चेहरा पांढरा पडला. "समीक्षक परवडले असते गं, मावशी."

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. पहिली पाच मिनिटं चिडीचूप, आणि मग सुरू झालं.

"एवढं नटूबिटू नका रे, निघताय स्पंजाला की लग्नाला?"

"ती बाई बरोबर रडतेय हं! माझी आई असंच रडायची."

फोकिओननं शिरस्त्राण उचललं आणि रोजच्यासारखं ऐटीत स्वतःच डोक्यावर ठेवलं. पहिल्या रांगेतून साकेलारिस गरजला, "थांब! अरे, समुद्रात शिरायच्या आधीच मरशील!"

नाटक थांबलं. दोन जावयांच्या खांद्यावरून साकेलारिस रंगमंचावर चढला. मी वर हात चोळत बसलो, दिवा कुणावर टाकू कळेना. शेवटी म्हाताऱ्यावर टाकला. त्यानं शिरस्त्राण हातात घेतलं, वजन जोखलं.

"हे काय? पातेलं?" प्रेक्षक हसत सुटले. "बस खाली. पाणबुडा बसतो. बाकीचे त्याला तयार करतात. तू हात मांडीवर ठेव आणि देवाचं नाव घे."

फोकिओन चिडून निघून जाईल असं मला वाटलं. तो बसला. हात मांडीवर ठेवले. कधी कुणाकडून शिकायचं ते नटाला कळतं, तसं त्याला कळलं. म्हाताऱ्यानं सावकाश शिरस्त्राण त्याच्या डोक्यावर उतरवलं, फिरवून बसवलं, पुढची काच लावण्याआधी त्याच्या तोंडाशी पेटती सिगारेट धरली, एक झुरका घेऊ दिला. "काही सांगायचंय घरी?" त्यानं विचारलं. हे वाक्य नाटकात नव्हतं.

"सांगा, संध्याकाळी येतो," फोकिओन म्हणाला. हेही नव्हतं.

म्हाताऱ्यानं काच लावली.

साकेलारिस काही खाली उतरला नाही. दोर धरायचं काम मान्थोस नावाच्या तरुण नटाचं होतं. म्हातारा त्याच्या शेजारी पेटीवर बसला आणि दोर कसा धरायचा ते दाखवत राहिला. "तळहातावर नको, बोटांवर. त्याचा जीव बोटांना कळला पाहिजे. तीन हिसके आले की ओढायचं, विचार नाही करायचा."

आता शेवट. आमच्या नाटकात पाणबुडा मरतो. फोकिओन दोरासकट विंगेत जातो, तिथं दोर सोडतो, आणि ते टोक मावशी ताणून धरते. रंगमंचावर मान्थोस म्हणतो, "काका, आज समुद्र गप्प आहे." त्यावर मावशीनं टोक सोडायचं, दोर सैल पडायचा, मान्थोसनं रिकामा दोर ओढत बसायचं, आणि मी अंधार करायचा. पस्तीस प्रयोग हेच केलं होतं.

मान्थोस म्हणाला, "काका, आज समुद्र गप्प आहे."

माझा हात खटक्यावर. दोर सैल पडेना. मी विंगेकडे पाहिलं. मावशी दोर दोन्ही हातांनी धरून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. समोर साकेलारिस वाकून दोराकडे बघत होता, आणि त्याच्या मागे साडेतीनशे माणसं.

मावशीनं हिसका दिला. एक. दोन. तीन.

साकेलारिस ताडकन ओरडला, "जिवंत आहे! ओढ!"

थिएटर उठून उभं राहिलं. "ओढ! ओढ रे!" म्हाताऱ्या ट्रे बडवत होत्या. मान्थोस नाटकबिटक विसरून दोर खेचू लागला. आत विंगेत फोकिओन शिरस्त्राण काढून आरामात टेकला होता. मावशीनं दोर त्याच्या कमरेला गुंडाळला, शिरस्त्राण डोक्यावर आदळलं.

"मावशी, मी मेलोय!"

"आज नाही!" म्हणाली आणि पाठीत धक्का दिला.

तो रंगमंचावर आला तो अक्षरशः घसरत, गुडघ्यांवर. साकेलारिसनं काच उघडली. फोकिओननं तोंड उघडून हवा घेतली, आणि असा आवाज झाला की वरचे दिवे हलले. मी अंधार केला नाही. होते नव्हते तेवढे सगळे दिवे लावले. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मान्थोस हमसाहमशी रडत होता. फोकिओन धावत विंगेत गेला आणि मावशीला टाचण्यांच्या उशीसकट हाताला धरून पुढे घेऊन आला. तिला कुठं बघावं कळेना. मग तिनं कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, "आता तरी आवडलं का, मेल्यांनो?"

लेखक झिसिस पडद्यामागे लालबुंद होऊन उभा होता. "मावशी, माझा शेवट मारलास तू!"

"मी कुणाला मारलं नाही, बाबा," मावशी म्हणाली. "तेच तर केलं मी."

झिसिसनं खिशातून पेन्सिल काढून संहितेत काहीतरी खोडलं. लाव्रेंतिस टेलिफोनवर होते, नोटीस मागे घ्यायला. पण बुधवारपासून थिएटर दुसऱ्या कंपनीला देऊन झालं होतं आणि ती कंपनी ऐकेना. नाटक बंद झालं ते झालंच. त्या शेवटाचा प्रयोग एकदाच झाला. मावशी पुढे सहा वर्षं त्याच कपडेपटात राहिली.

पण त्या संध्याकाळी कुणाला पर्वा नव्हती. आम्हा सगळ्यांना बसमध्ये कोंबलं. पिरेअसला पोहोचलो तर एका खानावळीत आधीच टेबलं जोडून ठेवलेली, भाजलेलं ऑक्टोपस, लिंबं, दारू. कुणीतरी व्हायोलिन काढलं. नाच सुरू झाला आणि सगळ्यांच्या पुढे रुमाल हलवत सेवास्तीमावशी, वय वर्षं अठ्ठावन्न, एप्रन तसाच. तिच्या मागे फोकिओन, पावलागणिक चुकणारा. साकेलारिस खुर्चीत बसून दोन्ही काठ्या फरशीवर आपटत ताल देत होता.

"पाय उचल, साबणवाल्या!" मावशी मागे वळून ओरडली आणि आणखी जोरात फिरली.