टेलरबाईंची पट्टी

टेलरबाईंच्या समोरचा नोटेशनचा कागद उलटा होता, म्हणून माझं त्यांच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमच्या तंतुवाद्यवृंदाची बुधवारची तालीम चालली होती. मी शाळेतून निवृत्त होऊन नुकताच व्हायोलिनच्या दुसऱ्या रांगेत दाखल झालो होतो. टेलरबाई मागे डबल बेस वाजवत. ते वाद्य त्यांच्यापेक्षा हातभर उंच, म्हणून त्या खोक्यावर उभ्या राहत. कागद उलटा, पण वाजवण्यात चूक एकही नाही. चाळीस वर्षं मुलांना वाचायला शिकवल्यावर असल्या गोष्टी लगेच कळतात.

वृंदाची कीर्ती तशी बेताचीच. दर महिन्याला इस्पितळात वाजवायचं, शाळांमधून वाजवायचं. एकदा भर कार्यक्रमात दिवे गेले तरी थांबलो नाही, हा मोठा पराक्रम. तो किस्सा चेलो वाजवणारे घड्याळजी अजून सांगतात. "कागद दिसेना, आम्ही सगळे गडबडलो. या बाई मात्र मागे ठाम! त्यांच्या ठेक्याला धरून तरलो."

वृंदाच्या पंचविसाव्या वर्षी नगरभवनात पहिल्यांदा कार्यक्रम ठरला आणि नवे संचालक आले. सर माणूस चांगला, पण शिस्तीचा. त्यांनी कुणीच न ऐकलेली रचना वाटली आणि म्हणाले, "तीन आठवडे आहेत. ज्यांना नोटेशन वाचता येत नाही, त्यांनी यंदा श्रोत्यांत बसावं."

दुसऱ्या दिवशी टेलरबाईंनी मला त्यांच्या शिवणाच्या दुकानात बोलावलं.

"मास्तर, तुम्ही पहिल्या दिवशीच पाहिलंत ना?"

"कागद उलटा होता."

"मग सांगायचं नाही का? वर्षभर तसाच ठेवला मी!"

एकोणीस वर्षं त्या ऐकून ऐकून वाजवत आल्या होत्या. आता ऐकायलाच काही नव्हतं, आणि श्रोत्यांत बसायची त्यांची तयारी नव्हती. मग रोज दुपारी ट्रायल रूममध्ये उभा राहून मी त्यांचा भाग माझ्या व्हायोलिनवर वाजवायचो आणि त्या तो कापडाच्या पट्टीवर शिवून घ्यायच्या. चार तारांना चार रंगांचा दोरा, लांब स्वराला लांब टाका, बोटाच्या जागेला गाठी, थांबायचं तिथे कापड कोरं. रचनेचे पहिले दोन भाग त्यांना पाठ झाले. तिसरा काही केल्या बसेना, त्याची पट्टी समोर लागायचीच.

कार्यक्रमाच्या दिवशी पिशवीत पट्टी नव्हती. त्यांनी दुकानात बसणाऱ्या सुनेला फोन लावला.

"ती रंगीत टाक्यांची? अहो आई, ती मी सरांच्या पँटीला लावली, कंबरेत आतून. चिंधी वाटली मला."

सर कंबर सैल करायला काळी पँट त्यांच्याच दुकानात टाकून गेले होते. तीच आता घालून आले होते. पडदा उघडायला पंधरा मिनिटं होती. टेलरबाई माझ्याकडे बघून मग सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, मला नोटेशन वाचता येत नाही. आणि माझा तिसरा भाग तुमच्या कमरेला आहे."

घड्याळजी पुढे होऊन म्हणाले, "सर, माझा ओव्हरकोट घ्या."

सर कपाटाआड गेले, पँट बाहेर आली. टेलरबाईंनी चार मिनिटांत उसवली. सरांनी ओव्हरकोटातच पट्टी हातात घेतली, टाक्यांवरून बोट फिरवत गुणगुणले आणि अडले.

"इथे थांबायचं हे छापील कागदावर कुठे आहे?"

"नाहीये. पण मास्तर तिथे धापा टाकतात. रोज."

सर हसले. मग म्हणाले, "इथे थांबलेलंच बरं वाटतंय. सगळ्यांनी थांबा. आणि बाई, माझ्या पँटीचं काय?"

पँटीला सहा टाचण्या लागल्या. सरांनी सबंध कार्यक्रम फारसे हातवारे न करता चालवला. तिसरा भाग लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. आमच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

टेलरबाई आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. बुधवारी त्यांचं दुकान चारला बंद होतं. सध्या त्या एका नव्या रचनेचा दुसरा भाग शिवत आहेत.