हळदीच्या कॅसेटवर सापडलेला धवला

सगळ्यात आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारी माणसं अनुभवी असतात... मी बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि परीक्षेचे पेपर सोडले तर आजवर एवढं सलग कधी लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. हे वाचून घरचे म्हणतील, ‘याच्यासाठी शिकवला काय?’ आणि कॉलेजातले म्हणतील, ‘शेवटी गावचाच!’ म्हणू द्या. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण जे झालं ते झालं नाही, असं मी कुणाच्याही भीतीने म्हणणार नाही.

आमचं घर विचुंब्यात. आम्ही आगरी. आमच्याकडे लग्नात भटजींच्या बरोबरीने धवलारीण असते; एकेक विधी होत असताना ती त्याचे धवले गाते. माझी हिराआत्या धवलारीण होती. धवलारणी जोडीने गातात. आत्याची जोडीदारीण चिरनेरची जनीबाय. गेल्या वर्षी आत्या अचानक गेली आणि जनीबायने गाणंच सोडलं. दर्शनाताईचं लग्न ठरल्यावर आई नारळ घेऊन तिच्याकडे गेली होती. तिने नारळ परत केला. “जोडीन गेली. आता माजा तोंड बंद.”

ताईने मात्र हट्ट धरला. “मोबाईलवरचे धवले नकोत. आत्याचाच धवला पाहिजे, अख्खा. नाहीतर मी मांडवात बसायची नाय.”

आत्याचा धवला एकाच माणसाने उतरवून घेतला होता. गावच्या शाळेत पूर्वी एक मास्तर होते, राहायचे पनवेलात. त्यांनी त्या काळी घरगुती कॉम्प्युटर घेतला होता — कीबोर्डच्याच डब्यात सगळं मशीन, टीव्हीला जोडायचं आणि फाईल साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवायची. आत्यासमोर बसून मास्तरांनी धवला लिहून घेतला आणि इंग्रजी अक्षरांत टाईप केला. वह्या पुराच्या पाण्यात गेल्या. मास्तरांना जाऊन चौदा वर्षं झाली. राहिल्या दोन कॅसेट.

पहिली मास्तरांच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे होती. दुसरीवर मास्तरांनी ‘धवला – शेवट’ असं लिहून ती आत्याला भेट दिली होती... आणि इथे आमच्या घराने घोळ घातला. डेटाची कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावली की नुसतं किर्रर्र ऐकू येतं. आमच्या लोकांना वाटलं, कॅसेट खराब आहे. बाबांच्या हळदीला कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा तिच्यावर अख्खी हळद रेकॉर्ड केली. बँजो, पिपाणी, आणि मधेच बाबांच्या मित्राचा आवाज — “नवऱ्याला उचला रे, नवरा पलतंय!”

मशीन काकूंच्या माळ्यावर होतं. मी तीन रविवार त्यांच्याकडे जात होतो. आधी अडॅप्टर मेला होता, तो बदलला. मग कीबोर्डची अर्धी बटणं चालेनात. आतली प्लास्टिकची पट्टी टोकाला तडकली होती. टोक कात्रीने कापून पट्टी पुन्हा खोचली, तेव्हा कुठे चालली. मग टेपरेकॉर्डरचं हेड वाकडं निघालं. छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने एकेक केसभर फिरवत बसलो.

काकू म्हणाल्या, “अरे रूपेश, हे पण असेच बसायचे. जेवण गार व्हायचं. तू तरी आधी खाऊन घे.”

तिसऱ्या रविवारी पहिली कॅसेट लोड झाली. धवला पडद्यावर आला! मी तो नव्या कॅसेटवर सेव्ह केला, ऑडिओ लॅपटॉपवर घेतला आणि त्याची टेक्स्ट फाईल केली. सगळं होतं... फक्त शेवट नव्हता.

दुसरी कॅसेट मी आधीच लॅपटॉपवर तपासली होती. काही नव्हतं, नुसती हळद. तरी त्या दुपारी मशीन चालू होतंच म्हणून लावून बघितली. खरं म्हणजे काकूंना बाबांची हळद ऐकवायची होती. त्या हसत होत्या. टीव्हीच्या कडेला पट्टे थरथरत होते. नुसता आवाज असला की ते असेच थरथरतात. डेटा सापडला तरच एका लयीत धावायला लागतात.

“नवरा पलतंय!” झालं... आणि पट्टे एका लयीत धावायला लागले.

स्पीकरमधून बँजोच वाजत होता. मी स्वतः ऐकत होतो. काकू ऐकत होत्या. दीड-दोन मिनिटं पट्टे तसेच धावले, मग थांबले. एरर नाही. पडद्यावर चार पदं. पहिल्या तिनांत मांडवाची पाठवणी होती. चौथ्यात बायकांची नावं — पाच नावं, एकीखाली एक. शेवटचं HIRA.

काकूंनी चष्मा पुसला. “ही तुमची आत्या ना रे?”

“हो. मास्तरांनी मानाने घातलं असेल.”

“घातलं असेल,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची थोडी मागे घेऊन बसल्या.

मी फोटो काढले. फाईल सेव्ह केली. ती आजही माझ्याकडे आहे. ज्याला बघायची असेल त्याने यावं. त्यानंतर तीच कॅसेट मी कितीतरी वेळा लावली. एकदाही काही आलं नाही.

कॉलेजच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, खालचं जुनं रेकॉर्डिंग पूर्ण पुसलं गेलं नसेल. मला पटलं. पटावं अशी इच्छाच होती. म्हणून एका वेगळ्याच कॅसेटवर डेटा भरला, वरून हळदीची गाणी रेकॉर्ड केली आणि लोड करून पाहिलं. पंधरा वेळा. एक अक्षर आलं नाही. वर्गातला एक जण म्हणाला, “तूच टाईप केलं असशील, भाव!” त्याला एवढंच विचारलं — मला धवला येत असता तर तीन रविवार स्क्रू फिरवत कशाला बसलो असतो?

घरी वेगळाच पेच. आईने चौथं पद ऐकलं आणि हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं. “शेवट धवलारनी तोंडातल्या तोंडात गातात, कुनाला कलत नाय, पन यात गेलेल्या धवलारनींची नावां घेतात ह्या ठाव हाय. मास्तरनी लिवला तवा हिरावन्स जित्या व्हत्या. जित्या बायचा नाव कोन घालंल?” मग म्हणाली, “खोटा पद मांडवान गायचा नाय. पोरीला लागंल. जनीबाय हो बोलली तरच.”

ताई चिडली. “भावाने कॉम्प्युटरमधून काढलाय, तरी जनीबायची सही पाहिजे?”

“पाहिजे,” आई म्हणाली.

मी देवनागरीत प्रिंट काढली आणि बाईकने चिरनेरला गेलो. जनीबाय ओटीवर वाल सोलत होती. तिला वाचता येत नाही. तिच्या सुनेने वाचून दाखवलं. पहिल्या पदाला तिचे हात थांबले. चौथं पद संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मग उठली, आत गेली, दार लोटून घेतलं. सून म्हणाली, “भाऊ, तुमी जा. मी फोन करतंय.”

अकरा दिवस फोन आला नाही. लग्न जवळ आलं. आईने दुसरी धवलारीण शोधायला घेतली. ताई कुणाशी बोलेना. मीही मनात म्हणालो, चुकलंच असेल काहीतरी. मशीनने कचरा वाचला आणि मला त्यात शब्द दिसले. पण कचऱ्यात पाच नावं ओळीने कशी येतील? सरांनाही हे विचारलं. ते म्हणाले, “प्रोबॅबिलिटी फार कमी आहे, पण शून्य नाही.” मी मान डोलावली, पण मला ते पटलेलं नाही. भगताकडे जा म्हणणारेही भेटले. तिकडेही गेलो नाही, जाणार नाही. ज्याचं उत्तर मला माहीत नाही त्याला ‘माहीत नाही’ एवढंच म्हणेन... आणि मान खाली न घालता म्हणेन.

परवा सुनेचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, आई आणि ताई जवळच होत्या.

“आमची सासू बोलतंय, मास्तर लय मागं लागलं व्हतं, म्हनून हिरानी शेवटाच्या नावानं भलतीच गानी सांगितली त्यांना. खरा शेवट लिवायला कुनाला देत नाय. ही चार पदां हिराला न् मना, दोघींनाच ठाव व्हती.”

आईने ताईचा हात धरला. मी विचारलं, “आणि ती नावं?”

 मग फोन जनीबायने घेतला.

“बरोबर हायत, बाला. हिराचा नाव त्यात लावायचा काम माजा व्हता. वरीस झाला, माज्याच्यान झाला नाय... लग्नाला गाडी पाठवा. मी येतंय गायला.”